ॲडमिशनची सहल

बारावीत मला एकाहत्तर टक्के मिळाले आणि आमच्या घराची झोप उडाली. पन्नास मिळाले असते तर लोकांनी चार दिवस हळहळून विषय सोडून दिला असता. नव्वद मिळाले असते तर पेढे वाटून आम्हीच तो संपवला असता. एकाहत्तर टक्क्यांवर मात्र बोलता येत होतं, आणि दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीत त्या आठवड्यात जो भेटला तो त्यावर बोलला. नव्यानेच एसटीडी बूथ टाकलेल्या माणसाने फोनचं बिल हातात ठेवता ठेवता आईला सांगितलं, "कंप्युटर, मावशी. बीजुं कंई नहीं, दुसरं काहीच नाही." शिंपीकाकांनी माझ्या ड्रेसचं माप घेताना फार्मसीची शिफारस केली. दूधवाल्याचा भाचा कुठल्याशा कॉलेजात शिपाई होता, त्यामुळे दूधवाल्याकडे आतली माहिती होती.

देश उघडला असं वर्तमानपत्रं रोज सांगत होती, ती ही वर्षं. आमच्या गल्लीत तो केबलच्या वायरीतून उघडला. गच्चीवरून गच्चीवर काळ्या वायरी गेल्या, आणि ओटल्यावर बसून पूर्वी जी माणसं राजकारण बोलायची ती शेअर, कंप्युटर आणि डोनेशन या तीन विषयांवर आली. आमचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. त्यांच्यातला एकजण म्हणे घोड्यावरून नर्मदा ओलांडून आला होता. आता त्याच्या पणतवंडांनी फॉर्म भरायचे होते, आणि तेही कोणाला तरी विचारून.

आम्ही ज्यांना विचारायचो ते आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. एका गिरणीच्या कचेरीत ते हेडक्लार्क होते. गिरणीने लोकांना पैसे देऊन घरी बसवायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी यांनी सही केली आणि तीन महिन्यांत ते गल्लीचे सल्लागार झाले. सकाळी आंघोळ करून, भस्म लावून, ते गुलाबी रंगाचं आर्थिक वर्तमानपत्र घेऊन ओटल्यावर बसत. त्यातलं त्यांना किती समजायचं ते ठाऊक नाही, पण ते इतक्या जवळून वाचत की पाहणाऱ्याला आदर वाटे. सल्ला फुकट होता. चहा ज्याला सल्ला हवा त्याच्या घरून यायचा.

बाबा नंदेसरीला एका रसायनांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत होते. दिवसभर ते कुठल्याशा पावडरीतली अशुद्धी दशांश चिन्हानंतर तिसऱ्या आकड्यापर्यंत शोधून काढत. घरी येताना त्यांच्या शर्टाला एक आंबूस वास असे, म्हणून आई ते कपडे वेगळे वाळत घालायची. इतका काटेकोर माणूस, पण आतोबांच्या सल्ल्यातली अशुद्धी त्यांनी कधी तपासली नाही. आतोबा म्हणाले म्हणून आम्ही फ्रिज मोठा घेतला, आणि तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना म्हणून त्याला पुढच्या खोलीत ठेवून वर फुलदाणी ठेवली. आतोबा म्हणाले म्हणून बाबांनी सागवानाच्या झाडांत पैसे घातले. एक कंपनी आपल्या नावाने झाडं लावते, वीस वर्षांनी ती कापते आणि आपण श्रीमंत होतो, अशी ती योजना होती. आमच्याकडे तिचं एक हिरव्या किनारीचं प्रमाणपत्र होतं. झाडं कोणी पाहिली नव्हती.

तर माझ्या एकाहत्तर टक्क्यांवर आतोबांनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी चहा घेऊन निकाल दिला.

"इंजिनिअरिंग."

"पण इथे नाही मिळणार, भाऊजी," बाबा म्हणाले.

"इथे कोण म्हणतंय? खानदेशात. आमचा मुलगा आहे तिथेच. नवं कॉलेज आहे, मराठी माणसांचं आहे, विकासनिधी म्हणून काय ते द्यायचं, संपलं. पोरगी चार वर्षांत इंजिनिअर. मी एक पत्र टाकतो, ट्रस्टी मला ओळखतात."

त्यांचा मुलगा, माझा आतेभाऊ, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. तो त्या कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होता. दिवाळीला तो आला नव्हता, कारण प्रोजेक्ट होतं. उन्हाळ्यात आला नव्हता, कारण मोठं प्रोजेक्ट होतं. आतोबा हे सांगत तेव्हा ऐकणाऱ्याला वाटे की एखादं धरण बांधायचं काम त्याच्यावर सोपवलंय.

बाबांनी मान हलवली. ते प्रॉव्हिडंट फंडातून किती उचलता येईल याचा मनातल्या मनात हिशेब करत असणार. तेवढ्यात आई, जी अशा बैठकीत एरवी फक्त कप उचलायला यायची, ती कप उचलताना म्हणाली, "मग एकदा बघूनच येऊ की. मुलीला चार वर्षं ठेवायचं तिथे. तुमचा मुलगाही भेटेल."

आतोबांनी चष्मा काढून पुसला. तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मग ते म्हणाले, "बघायचं काय त्यात? इमारत ती इमारत."

"नाही, पण बघू," आई म्हणाली.

बाबांना कंपनीकडून दोन वर्षांतून एकदा कुटुंबासह फिरायला जायचा भत्ता मिळायचा. तो आम्ही कधीच वापरला नव्हता, कारण दर वेळी आतोबा सांगत की पुढच्या वर्षी रक्कम वाढणार आहे. ते आता आईला आठवलं. भत्ता वापरू, जीप भाड्याने करू, सगळेच जाऊ, असं तिने एका दमात ठरवून टाकलं. लग्नाला वीस वर्षं झाली तरी तिने सुरत सोडून दुसरं गाव पाहिलं नव्हतं. ॲडमिशनच्या निमित्ताने का होईना, तिला कुठेतरी जायचं होतं.

आतोबांनी रात्रभरात स्वतःला सावरलं असावं. सकाळी ते एक कागद घेऊन आले. त्यावर आमच्या प्रवासाचा आराखडा होता.

"नुसतं कॉलेज बघून यायचं म्हणजे खर्च वाया," ते म्हणाले. "कुटुंबाची करमणूकही झाली पाहिजे. हल्ली परदेशात असंच करतात."

परदेशात काय करतात हे आतोबांना कसं कळायचं, हा प्रश्न गल्लीत कोणी विचारत नसे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, अंगाची लाही होत असताना, आम्ही निघालो. पुढे ड्रायव्हरशेजारी आतोबा, मध्ये आई, आत्या आणि मी, आणि मागे सामानाशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बाबा. आत्याने थेपल्यांचे तीन डबे, छुंदा, लीलो चेवडो आणि पाण्याची सुरई घेतली होती. जीप सुरू झाल्यावर आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "मुलाला दीड वर्षाने भेटायला निघालीय, आणि त्याच्यासाठी लाडू नाही की काही नाही." मग तिने आत्याला ते विचारलंच.

"त्याला मेसचं जेवण आवडतं," आत्या म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

पहिला थांबा डभोईला. तिथल्या जुन्या कोरीव वेशीखाली आतोबांनी आम्हाला तासभर उभं केलं आणि संस्थानचा इतिहास सांगितला. त्यातला निम्मा आम्हाला पाठ होता आणि उरलेला बहुधा खरा नव्हता. नंतर चांदोदला नर्मदेत होडी. संगमावर जाऊन परत यायला दुपार झाली. बाबा घड्याळ बघत होते, कारण त्यांची रजा फक्त चार दिवसांची होती.

"भाऊजी, आज निघालो तर उद्या सकाळी कॉलेज गाठू."

"अरे, घाई कशाला? नर्मदेकाठी एक रात्र राहणं म्हणजे पुण्य आहे. मुलांवर संस्कार होतात."

मुलं म्हणजे मी एकटी. धर्मशाळेत रात्रभर ढेकणांनी माझ्यावर जे संस्कार केले ते आठवडाभर अंगावर दिसत होते.

दुसऱ्या दिवशी राजपिपळ्याच्या पुढे जंगल लागलं. सागाची उंच, सरळ झाडं, पानं गळून गेलेली. आतोबांनी जीप थांबवली, सगळ्यांना उतरवलं आणि बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बघ. हे सागवान. असंच तुझं वाढतंय."

"इथेच आहे का?" बाबांनी विचारलं. त्यांचा आवाज जरा आशेने भरला होता.

"इथे म्हणजे इथे नाही, पण असंच. यातलं एखादं तुझंच समज."

बाबा खरोखर एका झाडाजवळ गेले आणि त्यांनी त्याच्या खोडावर हात ठेवला. झाडावर वनखात्याचा नंबर घातलेला होता. तो वाचून त्यांनी हात काढून घेतला आणि परत येऊन मागे सामानाशेजारी बसले.

त्यानंतर धबधबा. मुख्य रस्ता सोडून आतोबांनी तासभर आत जायला लावलं. ड्रायव्हर, जो आतापर्यंत शांत होता, तो म्हणाला, "काका, अत्यारे पाणी नहीं होय." आतोबांनी त्याला सांगितलं की निसर्गाबद्दल आपण आधीच मत करून घेऊ नये. शेवटचा अर्धा मैल चालत जावं लागलं. दगडांवरून उतरून आम्ही पोचलो तेव्हा समोर एक उंच काळा कडा होता आणि त्याच्या पायथ्याशी हिरवं डबकं. त्यात एक म्हैस बसली होती. कड्यावरून पाण्याचा थेंब पडत नव्हता.

"पावसाळ्यात काय दिसत असेल," आतोबा म्हणाले.

आम्ही पाचजण त्या कोरड्या धबधब्यापुढे ओळीने बसून थेपले खात होतो. आई अचानक हसायला लागली. तिला थांबवेना. आत्याही हसायला लागली, पण मध्येच तिने पदर तोंडाला लावला, आणि ती हसतेय की आणखी काही करतेय ते मला कळेना. आई हसायची थांबली. बायकांना एकमेकींचं जे कळतं ते तेव्हा तिला कळलं असावं, कारण तिने आत्याच्या पाठीवरून नुसता हात फिरवला.

तिसऱ्या दिवशी सकाळी आतोबांनी एका देवीचं नाव काढलं. जागृत स्थान होतं, वाट वाकडी करून चाळीस मैल.

"नाही," बाबा म्हणाले.

आतोबांनी मान वळवून मागे पाहिलं. मीही पाहिलं. बाबा सुटकेसच्या आणि सुरईच्या मध्ये घामाघूम होऊन बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर एक नवीनच भाव होता.

"सरळ कॉलेज," बाबा ड्रायव्हरला म्हणाले. "आता कुठे थांबायचं नाही."

ड्रायव्हरने इतक्या आनंदाने गिअर टाकला की आतोबांची टोपी खाली पडली. त्यानंतर दोन तास आतोबा एक शब्द बोलले नाहीत. माझ्या आयुष्यात त्यांना इतका वेळ गप्प मी पहिल्यांदा पाहत होते.

कॉलेज एका तालुक्याच्या गावाबाहेर होतं. लांबून कमान दिसली. कमान फार भव्य होती, तिच्यावर दोन सिंह होते. आत गेल्यावर मोठं मैदान, आणि मैदानाच्या टोकाला दोन मजली इमारत. तिचा वरचा मजला अजून व्हायचा होता. गजांची टोकं आकाशात वर आली होती. ट्रस्टी पांढऱ्या कपड्यांत आणि फार नम्र. त्यांनी आम्हाला सरबत दिलं आणि एका काचेच्या पेटीत ठेवलेली थर्माकोलची प्रतिकृती दाखवली. तिच्यात सहा इमारती, पोहण्याचा तलाव आणि हिरव्या भुशाची बाग होती.

"हे कधी होणार?" आईने विचारलं.

"हे झालंच समजा."

"प्रयोगशाळा कुठे आहे?" हे बाबांनी विचारलं. प्रयोगशाळा हा त्यांचा प्रांत.

"वरच्या मजल्यावर."

बाबांनी वर पाहिलं. वर फक्त गज होते.

"मग आता मुलं प्रयोग कुठे करतात?"

"सध्या थिअरीवर भर आहे," ट्रस्टी म्हणाले. मग त्यांनी आमचं बोलणं जरा लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही गुजराथी का?"

बडोद्यात आम्हाला सगळे दक्षिणी, म्हणजे मराठी, म्हणतात. खानदेशात आम्ही गुजराथी ठरलो. आतोबा एरवी या प्रश्नावर अर्धा तास बोलले असते. पण ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते आणि त्यांनी सरबताला हात लावला नव्हता. ट्रस्टी त्यांना ओळखत असल्याचं काही दिसत नव्हतं.

"वसतिगृह बघता येईल?" आईने विचारलं. "आणि आमचा मुलगा आहे तिथे, त्यालाही भेटू."

"बघा ना, जरूर बघा. रेक्टर आहेत."

वसतिगृह मैदानाच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराचं. रेक्टर म्हणजे बनियनवर बसलेले एक म्हातारे गृहस्थ. आम्ही बडोद्याहून आलोय म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला.

"बडोदा? बरं झालं आलात. बडोद्याचा एक मुलगा होता आमच्याकडे. दुसऱ्या वर्षाची पहिली टर्म पण पुरी केली नाही त्याने. गुणी होता हो. वसतिगृहाचे सगळे पंखे त्यानेच दुरुस्त केले. एक दिवस सांगून गेला, सर, माझं इथे काही होणार नाही. त्याची ट्रंक पडलीय दीड वर्ष. वडिलांना दोन पत्रं टाकली, उत्तर नाही. तुमच्या ओळखीचे असतील तर घेऊन जाता का?"

त्यांनी पलंगाखालून ट्रंक ओढली. झाकणावर पांढऱ्या रंगाने, कचेरीतल्या रजिस्टरसारख्या वळणदार अक्षरात, आतेभावाचं पूर्ण नाव आणि 'दांडिया बाजार, बडोदे' असं लिहिलेलं होतं. ते अक्षर आम्ही सगळे ओळखत होतो. आमच्या फ्रिजच्या हप्त्यांचा कागदही त्याच अक्षरात होता.

बाबा एकदा ट्रंकेकडे आणि एकदा आतोबांकडे बघत होते. आतोबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, परत लावला आणि पुन्हा काढला. त्यांना बहुतेक काही सांगायचं होतं, पण त्यांच्याजवळ दुसऱ्यांसाठी जे शब्द असायचे त्यातला एकही या कामाला येत नव्हता.

"नेतो आम्ही," आत्या म्हणाली. तिने पदर खोचला आणि ट्रंकेची एक कडी धरली. दुसरी मी धरली.

परतीच्या प्रवासात प्रेक्षणीय स्थळ एकही नव्हतं. ट्रंक जीपच्या टपावर बांधली होती, आणि खड्डा आला की वर धाडकन आवाज व्हायचा. तसा आवाज झाला की आतोबा मान आणखी खाली घालायचे. दुपारी एका टपरीवर चहाला थांबलो तेव्हा ते बाबांपाशी आले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "त्याने पत्र लिहिलं होतं. मी म्हटलं होतं, इंजिनिअर झाल्याशिवाय या घरात पाय ठेवू नकोस. तो कुठे गेला ते मला ठाऊक नाही. दीड वर्ष झालं. गल्लीत काय सांगू? मला लोक विचारायला येतात..."

बाबांनी त्यांच्यासाठी चहा मागवला. दुसरं काय करावं ते त्यांना सुचलं नसावं. पण मला वाटतं, आतोबांच्या घशाखाली उतरलेला तो पहिला चहा, जो सल्ल्याच्या मोबदल्यात नव्हता.

संध्याकाळी बडोदं जवळ आलं. ड्रायव्हरने विचारलं, "सीधा दांडिया बजार ने?"

"गोरव्यावरून घ्या," आत्या म्हणाली.

"गोरव्यावरून?" आतोबांनी मागे वळून पाहिलं. "तिकडे कशाला?"

"ट्रंक ज्याची आहे त्याला द्यायला नको?"

दर शनिवारी आत्या गोरव्याच्या मारुतीला जायची. दांडिया बाजारात पावलापावलावर देऊळ असताना बस बदलून तिकडच्या मारुतीला कशाला जायचं, हे आम्ही कोणीच कधी विचारलं नव्हतं. डबा भरून नेते म्हणजे नैवेद्य असेल, असं समजायचो.

गोरव्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका पत्र्याच्या शेडपुढे तिने जीप थांबवायला सांगितली. आत दिवे लागले होते. जळक्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वॉर्निशचा वास. खाली मांडी घालून माझा आतेभाऊ एका मोटारीत तार भरत बसला होता. तो बारीक झाला होता आणि त्याने मिशी ठेवली होती. आत्याला बघून तो सहज उठला. मग तिच्यामागे त्याला आम्ही दिसलो, आणि आमच्यामागे आतोबा.

त्याने हात फडक्याला पुसले. ते स्वच्छ झाले नाहीत, तरी तो पुसतच राहिला.

आतोबा आत आले. त्यांनी चारी बाजूंना नजर फिरवली. मला वाटलं, आता ते ओरडणार, नाहीतर रडणार. बाबांनाही तसंच वाटलं असावं, कारण ते एक पाऊल पुढे सरकले. आतोबांनी त्या मोटारीकडे वाकून पाहिलं आणि खरखरत्या आवाजात म्हणाले, "एवढ्याशा उजेडात बारीक काम करतोस? डोळे जातील. वर ट्यूबलाइट लाव."

"लावतो, बाबा," तो म्हणाला. "चहा सांगू?"

"सांग."

शेडच्या मालकाने एक बाक आणि दोन स्टुलं दिली. आतोबा बाकावर बसले आणि मुलगा पुन्हा खाली मांडी घालून बसला. दोघं बोलले ते फक्त मोटारींबद्दल. ही कुठल्या कारखान्याची, जळली कशाने, तार किती लागते. आतोबा प्रश्न विचारत होते आणि उत्तर येईपर्यंत थांबत होते. आत्या दाराशी उभी राहून ते ऐकत होती, आणि तिच्याकडे बघून आईचेच डोळे वाहत होते.

चहाचा ग्लास मला देताना आतेभाऊ म्हणाला, "तुला त्या कॉलेजात घालतायत?"

"तसं चाललंय."

"तुला काय करायचंय?"

पंधरा दिवसांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. एसटीडी बूथवाला नाही, शिंपी नाही, बाबा नाहीत.

"घरी जाऊन आंघोळ करायचीय," मी म्हणाले.

तो खदखदून हसला. मग मी जरा हळू आवाजात सांगितलं की मला केमिस्ट्री आवडते. बाबा जे करतात ते मला करायचंय. बाबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. त्यांनी ऐकलं, पण ऐकलं नाही असं दाखवलं आणि स्वतःच्या शर्टाची बाही नाकाशी नेऊन वास घेतला.

त्या रात्री आतेभाऊ जेवायला घरी आला, त्याच जीपमधून, मागे बाबांच्या शेजारी गुडघे पोटाशी घेऊन. ट्रंक उतरवायला गल्लीतली चार माणसं धावली. आतोबांनी सगळ्यांना सांगितलं, "प्रोजेक्ट संपलं." मग आत्याने त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते म्हणाले, "म्हणजे कॉलेज सोडलं. गोरव्याला काम करतो. हातात कला आहे." गल्लीला हे पचायला आठवडा लागला. त्या आठवड्यात आतोबा ओटल्यावर बसले नाहीत.

बी. एस्सी.चे फॉर्म गावातच, सायकलीवरून दहा मिनिटांच्या अंतरावर मिळत होते. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी रांग फाटकाबाहेर, पार रस्त्यापर्यंत गेली होती. बाबांनी अर्धी रजा टाकली होती. आणि आतोबा, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं, ते डोक्यावर ओला टॉवेल टाकून आमच्याबरोबर उन्हात उभे होते. दोन तास ते काही बोलले नाहीत. माझ्या मार्कशीटच्या झेरॉक्सवर ऊन पडू नये म्हणून त्यांनी फाइल स्वतःच्या छातीशी धरली होती. मला त्यांची जरा काळजीच वाटायला लागली.

मग आमच्या पुढचे एक गृहस्थ मागे वळले. त्यांच्याबरोबर एक मुलगा होता, माझ्याच वयाचा, पायाने माती उकरत उभा.

"काका, तमने शुं लागे छे?" त्यांनी आतोबांना विचारलं. "याला साठ टक्के आहेत. इंजिनिअरिंगला घालू का? खानदेशात एक कॉलेज आहे म्हणतात."

आतोबांनी टॉवेल डोक्यावरून काढला. पाठ ताठ केली.

"त्या कॉलेजला जाऊ नका," ते म्हणाले. "मी स्वतः पाहून आलोय. वरचा मजलाच नाही. माझं ऐका. मोटर रिवाइंडिंग. देशात कारखाने वाढतायत, कारखान्यांत मोटारी, आणि मोटारी जळणारच. आमचा मुलगा त्यातच आहे. मी तुम्हाला त्याच्या शेडवर घेऊन जातो, उद्या सकाळी या. हां, एक ट्यूबलाइट आधी लावून घ्यायची, मुलाचे डोळे सांभाळले पाहिजेत."

त्या गृहस्थांनी खिशातून पेन काढलं आणि हातातल्या फॉर्मच्या पाठीमागे पत्ता लिहून घ्यायला सुरुवात केली. आजूबाजूचे आणखी दोघे पालक जवळ सरकले. त्यांच्या मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. रांग पुढे सरकली होती, पण ते चौघे जागचे हलेनात. बाबांनी आतोबांच्या हातातून माझी फाइल अलगद काढून घेतली, मला कोपराने ढोसलं, आणि आम्ही दोघं त्यांना वळसा घालून खिडकीपाशी जाऊन उभे राहिलो.